यंत्राचा परकायाप्रवेश

इंग्लंडांत बोव्हिंग्टन येथील रणगाडा-संग्रहालयांत ‘टायगर १३१’ हा जर्मन रणगाडा आहे. एप्रिल १९४३ मध्यें ट्यूनिसियांत ब्रिटिश सैन्यानें तो हस्तगत केला. १९९० मध्यें त्याचा जीर्णोद्धार आरंभिला. परंतु त्याचें मूळ मायबाख एचएल २१० एंजिन, अंतर्रचना दिसावी म्हणून, कापून प्रदर्शनांत मांडलेलें होतें. तेव्हां संग्रहालयांतीलच ‘टायगर २’ चें एचएल २३० एंजिन काढून यांत बसविलें, आणि डिसेंबर २००३ मध्यें तो स्वतःच्या बळावर चालत परतला. स्वतःच्या म्हणावें कीं उसन्या, हाच तर वाद!

मूळ एंजिन २१ लिटरांचें, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचें; दुसरें २३ लिटरांचें, ओतीव लोखंडाचें. तथापि दोहोंचा कर्ता एक, कूळ एक. आणि १९४३ मध्येंच पुढील टायगरांस कारखान्यांत हेंच एंजिन बसवूं लागले होते. म्हणून हा बदल आम्हांस सगोत्र दत्तकासारखा वाटतो.

आपल्याकडे जुन्या विलीस जीपचें ६० अश्वशक्तीचें पेट्रोल एंजिन काढून हातीं लागेल तें डिझेल एंजिन बसवितात, त्यास ही उपमा लागू नाहीं. शेतावर राबणाऱ्या गाडीस तें क्षम्य आहे, खर्च वांचतो. पण तीच गाडी ‘महायुद्धांतील अस्सल’ म्हणून मिरवूं लागली, कीं पाहणाराची फसवणूक होते. एंजिनाचा ध्वनि, कंप, वास हीच तिची साक्ष, तीच बदलली!

बदल अटळच असेल, तर मूळ एंजिन भंगारांत न घालतां, तेल लावून, क्रमांक नोंदवून ठेवावें, आणि सांगाड्यास नवीं छिद्रें पाडूं नयेत. म्हणजे पुढील पिढीस तें परत बसवितां येईल.