बोंड फोडून पाहणारे

गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसत नाही. बोंड हिरवेगार, टणक. आत अळी सरकी खात बसलेली. म्हणून तिची मोजणी करायची तर शेताच्या वेगवेगळ्या भागांतून 20 हिरवी बोंडे तोडून फोडावी लागतात. त्यांतल्या 2 बोंडांत जिवंत अळी निघाली, म्हणजे 10 टक्के झाले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली. कामगंध सापळ्याचा हिशेब वेगळा: सलग 3 रात्री दर सापळ्यात 8 पतंग.

नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याच्या शिवारात कोणी 20 बोंडे फोडली आणि यवतमाळात कोणी बांधावरून नजर टाकून आकडा लिहिला, तर त्या दोन आकड्यांची बेरीज करून काय हाती लागणार? मला तर शेती संशोधनातले सगळ्यात अवघड कौशल्य हेच वाटते: लांबलांबच्या माणसांनी एकाच रीतीने मोजणे.

कापसाच्या संशोधनात ही शिस्त हळूहळू रुजली. 1921 मध्ये स्थापन झालेली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातली संस्थाने यांच्या पैशावर 1924 मध्ये इंदूरला वनस्पती संशोधन संस्था उभी राहिली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड काम करत. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ मांडणाऱ्या 1931 च्या पुस्तकावर दोघांचीही नावे आहेत. पुढे 1967 मध्ये अखिल भारतीय समन्वित कापूस सुधार प्रकल्प आला. एकच वाण अकोला, नांदेड, सुरत, धारवाड अशा निरनिराळ्या मातीत पेरायचा आणि निकाल एकत्र बसून तपासायचे, ही त्याची रीत. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 ची.

शेतकऱ्याच्या बांधापर्यंत ही रीत पोचायला मात्र एक संकट यावे लागले. 2008 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात अळ्यांनी सोयाबीन फस्त केले. त्यानंतर 2009-10 पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ ही कीड सर्वेक्षण व सल्ल्याची योजना सुरू झाली. कृषी खाते, चारही कृषी विद्यापीठे, नागपूरची कापूस संस्था, इंदूरची सोयाबीन संस्था, हैदराबादची कोरडवाहू शेती संस्था, दिल्लीचे एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र अशी मंडळी एका कामाला लागली. शास्त्रज्ञांनी शिकवायचे, कीड सर्वेक्षकांनी ठरलेल्या शेतांत मोजायचे, आणि त्या आकड्यांवरून सल्ला द्यायचा.

तरीही 2017 मध्ये विदर्भाची कपाशी बोंडअळीने खाल्लीच. बोंडअळीला रोखण्यासाठी आणलेल्या बीजी-2 या बीटी कपाशीवरही अळी जगते आहे, हे गुजरातेत 2014-15 च्या सुमारास दिसले होते. म्हणजे माहिती होती. पण लांब मुदतीचे संकरित वाण आणि जानेवारीनंतरही उभी ठेवलेली फरदड यांनी अळीला दीर्घकाळ घर दिले, आणि कडेला बिगर-बीटी बियाणे न पेरल्याने तिची प्रतिकारक्षमता वाढली. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. बियाण्याचा बाजारही तसाच होता.

खाप्यापाशी आणखी एक अडचण दिसते. इथली कन्हान नदी मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या बाजूने उतरते. वर सौंसर-पांढुर्ण्यातही कापूस-संत्र्याचाच पट्टा, बोलीही बरीचशी मराठीच. पण क्रॉपसॅप महाराष्ट्राची योजना, तिचे सर्वेक्षण राज्याच्या हद्दीशी थांबते. पतंग थांबत नाही. हद्दीच्या दोन्ही बाजूंची मोजणी एकाच तक्त्यात यावी, आणि सर्वेक्षकांचे प्रशिक्षणही एकत्र व्हावे. नागपूरच्या संस्थेने यात पुढाकार घ्यावा. तोवर शेतकऱ्यांनी डोमकळी (आत अळी असल्याने न उमललेले, गुलाबाच्या कळीसारखे फूल) दिसताच कृषी खात्याला कळवावे, आणि फरदडीचा मोह सोडून डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून टाकावी.