चित्रकथ्यांची पोथी : संग्रह व वाचन

पोथी म्हटली कीं तींत अक्षरें असावयाचींच, अशी आम्हां संग्राहकांची समजूत असते. यामुळें कथेचा पाठ जिच्या पानांवर लिहिलेलाच नाहीं अशी पोथी हातीं आली, तर तिची नोंद कोणत्या सदरांत करावी हेंच सुचत नाहीं. चित्रकथ्यांची पोथी ही या जातीची आहे. तिचीं चित्रें कागदावर असतात व पाठ कथेकऱ्याच्या मुखीं असतो. असा ग्रंथ कसा जतन करावा व लोकांस कसा दाखवावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

चित्र दाखवून कथा सांगण्याची चाल आपल्या देशांत फार जुनी आहे. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसांत चाणक्याचा हेर यमपट घेऊन घरोघर हिंडतो. बाणाच्या हर्षचरितांत, पित्याच्या आजाराची वार्ता ऐकून त्वरेनें परतलेल्या हर्षास, बाजारांत मुलांच्या घोळक्यांत पट उभारून बसलेला यमपट्टिक दिसतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६–११३८) याच्या नांवावर असलेल्या मानसोल्लासांतही चित्रकथकाचा उल्लेख आहे. आमचा मराठवाडा त्या घराण्याच्या राज्यांत मोडत असल्यानें हा उल्लेख आम्हांस विशेष जवळचा वाटतो.

जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीनें आंखलेली आहे. तिच्या कांठानें वर गेलें असतां पैठण लागतें. ‘पैठणचीं चित्रें’ या नांवानें ओळखलीं जाणारीं चित्रें पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत अभ्यासकांस पाहावयास मिळतात. त्यांच्याशीं निकटचें नातें सांगणाऱ्या पोथ्या कोकणांत, कुडाळ तालुक्यांतील पिंगुळी या गांवीं, ठाकर समाजाच्या घरीं पिढ्यान् पिढ्या वापरांत राहिल्या. या कलावंतांस सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय होता.

या पोथीची रचना ध्यानांत घेण्यासारखी आहे. एका पोथींत सामान्यतः ३० ते ५० चित्रें असतात. दोन चित्रें पाठीस पाठ लावून चिकटवितात व त्यांचें एक पान होतें. पानें शिवलेलीं नसतात. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीनें तो प्रसंग गातो. प्रसंग संपला कीं चित्र पालटतें. म्हणजे पानांचा क्रम हाच या ग्रंथाचा सांधा होय. संस्कृत ग्रंथाचें पान सुटलें तर पत्रांक व मागील-पुढील वाक्य यांवरून त्याचें स्थान लावतां येतें. येथें तसा आधार नाहीं. समोरासमोर बाण सोडणारे दोन वीर रामकथेंतील कीं भारतांतील, हें नुसत्या चित्रावरून सांगणें पुष्कळदां कठीण असतें.

म्हणून पोथी फोडून एकेक चित्र चौकटींत बसविणें हें ग्रंथाचे तुकडे करण्यासारखें आहे. चित्र सुरक्षित राहतें, परंतु कथा नष्ट होते. हा दोष केवळ विक्रेत्यांचा नव्हे. सुटें पान हौसेनें विकत घेणारा संग्राहकही त्याचा वांटेकरी आहे.

या बाबतींत पिंगुळी येथील एक उपक्रम अनुकरणीय वाटतो. श्री. परशुराम गंगावणे यांनीं इ. स. २००६ मध्यें आपल्या गुरांच्या गोठ्याचें संग्रहालय केलें व त्यास ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ असें नांव दिलें. तेथें चित्रकथीबरोबर कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्याही ठेविल्या आहेत. पाहुण्यानें कपाटाच्या कांचेंतून डोकावून निघून जावें अशी तेथील रीत नव्हे. त्यास कथा ऐकावयास मिळते, खेळ पाहावयास मिळतो व शिकण्याची इच्छा असल्यास कलाही शिकतां येते. इ. स. २०२१ मध्यें श्री. गंगावणे यांस पद्मश्री देण्यांत आली. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाचा ‘करो और सीखो’ हा उपक्रमही याच तत्त्वावर चालतो. तेथें पारंपरिक कारागीर गुरु असतो व नागरिक शिष्य.

हातानें करून पाहण्याचा उपयोग केवळ मनोरंजनापुरता नाहीं. ज्यानें त्या चित्रांतील मोठा डोळा एकदां स्वतः रेखाटला, त्यास पुढें खरी रेघ व नक्कल यांतील भेद ओळखूं येऊं लागतो. ज्यानें कथा ऐकत पान पालटलें, त्यास क्रमाचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं.

हात लागला कीं कागद झिजतो, अशी शंका येथें कोणी घेईल. शंका रास्त आहे. तिचें उत्तर असें कीं, मूळ पोथी कपाटांत ठेवावी व तिची नक्कल लोकांच्या हातीं द्यावी. ती नक्कल त्या परंपरेंतील चित्रकाराकडूनच योग्य मोबदला देऊन करवून घ्यावी. शिकविणाराही त्याच समाजांतील असावा. कारण पाठ त्याच्याच कंठांत आहे.

आमच्या जिल्ह्यांतील संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, चित्रांचा असा जुडगा आढळल्यास तो फोडूं नये. पानें ज्या क्रमानें मिळालीं त्याच क्रमानें प्रथम त्यांवर निराळ्या चिठ्ठीनें अंक घालावे व दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं. तो कोणत्या गांवीं व कोणत्या घराण्यांत होता हें टिपून ठेवावें. त्यानंतर एखाद्या जाणत्या चित्रकथ्यास बोलावून त्याच्याकडून तो वाचवून घ्यावा, त्याचें गायन ध्वनिमुद्रित करावें व त्या बैठकीस गांवांतील मुलांस अवश्य बसवावें. कागद पुष्कळ काळ टिकविण्याचे उपाय आहेत. पाठ जाणणारा कंठ एकदां मिटला म्हणजे त्यावर उपाय नाहीं.