आगमनकाळ : आपण कोणाची वाट पाहतो?



आगमनकाळ म्हणजे केवळ नाताळची तयारी, असा आपला समज असतो. ख्रिस्तसभेची उपासना मात्र याहून पुढे पाहण्यास शिकवते. पहिल्या रविवारपासून १६ डिसेंबरपर्यंतची वाचने व प्रार्थना प्रामुख्याने प्रभूच्या गौरवशाली पुनरागमनाकडे लक्ष वेधतात. १७ ते २४ डिसेंबर हे दिवस त्याच्या जन्मोत्सवाच्या निकट तयारीचे असतात.

नाताळला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांची गाडी कुडाळ स्थानकावर कधी पोहोचणार, हे आपल्याला ठाऊक असते. त्याप्रमाणे आपण घर-अंगण स्वच्छ करतो. प्रभूच्या येण्याची घटका मात्र ठाऊक नाही. म्हणून दहा कुमारिकांच्या दाखल्यातील (मत्तय २५:१-१३) शहाण्या कुमारिकांप्रमाणे तेल आधीच जवळ ठेवावे लागते; ऐनवेळी ते उसने मिळत नाही.

हे तेल म्हणजे प्रार्थना, प्रायश्चित्त संस्कार आणि दयेची कृत्ये. सामाईक जमिनीवरून किंवा गडग्यावरून सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरलेला असेल, तर आपला दिवा रिकामाच आहे. प्रत्येक मिस्सामध्ये आपण प्रभूच्या पुनरागमनाची घोषणा करतो. तो आला तर त्याला कोणते तोंड दाखवणार? यंदा गोठा उभारण्यापूर्वी आपण त्या भावाचे दार ठोठावूया.