पांढऱ्या कागदावर पांढरा बर्फ

मे महिन्यात आपल्या जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि आज आम्ही सांगणार आहोत बर्फाने झाकलेलं गाव जलरंगात कसं काढायचं ते. हसू नका, त्याला कारण आहे.

आमच्या बचत गटातल्या एका ताईचे मालक फौजेत, सध्या लडाखला. रेंज मिळाली तर फोन, नाहीतर आठ-आठ दिवस खुशाली नाही. त्यांची मुलगी चौथीत आहे. पप्पा राहतात ते गाव काढायचं म्हणून तिने पांढऱ्या कागदावर पांढरा रंग फासला. काहीच दिसेना, तशी रडायला लागली. मग आम्ही चार-पाच जणी रंगपेटी घेऊन तिच्याजवळ बसलो.

जलरंगात बर्फ रंगवायचा नसतो, सोडायचा असतो. कोरा कागद हाच बर्फ. रंगवायची ती त्याची सावली आणि भोवतालचं सगळं. बर्फ पाहिला नाही म्हणून अडत नाही. वेचलेल्या कापसाचा ढीग दाराशी पडला की सकाळच्या उन्हात त्याच्याकडे नीट बघा. उन्हाची बाजू लख्ख, पण सावलीची बाजू काळी नसते, निळसर राखाडी असते. बर्फाची सावली तर आणखी निळी, कारण तिच्यावर मोकळ्या आभाळाचा उजेड पडतो.

आपल्या चाळीसगावचे कलावंत केकी मूस इंग्लंडात शिकून आले आणि पुढे वर्षानुवर्षं स्टेशनजवळच्या आपल्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा, आणि फोटो असा की खरा मुलूखच वाटावा! १९८९ साली ते गेले. त्यांचं घर आता कलादालन आहे. गटाची सहल काढाल तेव्हा तिथे जरूर जा.

आता गाव. लेहची जुनी घरं माती-लाकडाची, सपाट छपराची. म्हणजे आपली धाब्याचीच घरं म्हणा ना! तेव्हा आपल्याच गल्लीतली चार धाबी पेन्सिलीने हलकी काढा, मागे उघडे डोंगर. धाब्याच्या कडेवर बर्फाचा थर जाड भाकरीसारखा दाखवा. जिथे पांढरं राखायचं तिथे मेणबत्ती घासा. मेणावर रंग धरत नाही. पण जपून, घासलेलं मेण निघतही नाही.

आभाळ बर्फापेक्षा गडद हवं. सगळी गंमत इथेच आहे. आभाळ फिकट ठेवलं की बर्फ मेला. आभाळापुरता कागद पाण्याने ओला करा, निळ्यात थोडा तपकिरी मिसळून राखाडी करा आणि वरून खाली सोडा. चमक उतरू लागली की चिमूटभर जाडं मीठ भुरभुरा. मीठ रंग ओढून घेतं आणि बर्फ पडतोय असे ठिपके उमटतात. पूर्ण वाळल्यावरच झटका. आपल्याकडे उन्हाळ्यात रंग ब्रशवरच सुकतो, म्हणून हे काम पहाटे करावं, पंखा बंद ठेवून.

भिंतींना मातीचा रंग द्या. एकच बाजू उन्हाची धरा, दुसऱ्या बाजूला ती निळसर सावली, पाणी जास्त घालून. एखाद्या खिडकीत पिवळा ठिपका दिला की घरात चूल पेटल्यासारखी वाटते. कागद मात्र जाड घ्या, पातळ कागदाला पाण्याने पोपडे येतात. परीक्षेच्या पॅडवर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली की तो ताणून राहतो. पेटीतला पांढरा रंग शेवटी, तोही जुन्या टूथब्रशने शिंतोडे उडवण्यापुरताच.

पावलांचे ठसे त्याच निळ्या रंगाने काढायचे, लांबचे लहान, जवळचे मोठे. त्या पोरीने ते डोंगराकडून आपल्या दाराकडे येताना काढले. आई काही बोलली नाही. फोटो काढून पाठवलाय, रेंज आली की पोहोचेल.