चूक सरकारची, भुर्दंड नागरिकाला

रस्त्यावरील खड्ड्यामुळे अगर उघड्या मॅनहोलमुळे कोणी दगावल्यास त्याच्या वारसांना ६ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. आम्ही त्याचे मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु असा आदेश न्यायालयाला द्यावा लागावा, ही स्थिती भूषणावह नाही. सरकारी नोकराच्या निष्काळजीपणाने नुकसान झाल्यास सरकार कितपत जबाबदार, हे स्पष्ट सांगणारा कायदा आपल्या संसदेने केलेलाच नाही.

संविधानाचे ३०० वे कलम या प्रश्नाचे उत्तर कंपनी सरकारच्या काळात शोधावयास लावते. कंपनीच्या व्यापारी कामाबद्दल दावा चालेल, राज्यसत्तेच्या कामाबद्दल चालणार नाही, हा भेद कलकत्त्याच्या न्यायालयाने १८६१ मध्ये केला. त्याचे फळ पाहा. सप्टेंबर १९४७ मध्ये अमृतसरच्या एका सराफाला मीरत येथे पोलिसांनी संशयावरून पकडले आणि त्याचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने जप्त केले. सराफ सुटला, सोने मात्र एका हेड कॉन्स्टेबलने लांबविले आणि तो पाकिस्तानात पळाला. पोलिसांचा निष्काळजीपणा सिद्ध झाला. तरीही जप्ती हे सार्वभौम सत्तेचे काम, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये भरपाई नाकारली. उलट, उदेपूर येथे सरकारी जीपखाली सापडून मेलेल्या पादचाऱ्याच्या कुटुंबाची भरपाई त्याच न्यायालयाने १९६२ मध्ये कायम केली होती. यास न्याय म्हणावे की नशीब?

सराफाचा दावा फेटाळणाऱ्या सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनाही ही स्थिती समाधानकारक वाटली नव्हती. कायदेमंडळाने कायदा करावा, असे त्यांनी निकालातच सुचविले. विधी आयोगाने १९५६ च्या आपल्या पहिल्याच अहवालात हेच सांगितले होते. १९६५ व १९६७ मध्ये विधेयके आली आणि विरून गेली. ज्या इंग्लंडकडून राजाच्या अभयाची कल्पना आपण उचलली, त्या इंग्लंडने १९४७ मध्येच कायदा करून ती टाकून दिली!

१९८३ पासून न्यायालये मूलभूत हक्कांच्या आधारे भरपाई देऊ लागली, हे खरे. पण खटल्याखटल्यागणिक मिळणारी दया म्हणजे हक्क नव्हे. घरचा कर्ता पुरुष गमावलेल्या किती स्त्रियांना उच्च न्यायालयाची पायरी चढता येईल?

अशा कायद्याने खजिन्यावर भार पडेल, असे कोणी म्हणेल. तो भार आजही आहेच. फक्त तो ज्याचे नुकसान झाले त्याच्याच खांद्यावर आहे. मोटारमालकाला त्याच्या ड्रायव्हरच्या चुकीची भरपाई करावयास लावणाऱ्या सरकारने तोच नियम स्वतःस लावून घ्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.