दाराच्या रंगाला खाऱ्या वाऱ्याची कसोटी

दिवाळी तोंडावर आली की घराघरांत रंगकामाचा विषय निघतो. भिंतींचा रंग झटपट ठरतो, दारापाशी मात्र गाडी अडते. दुकानातले शेड कार्ड घरी येते आणि प्रत्येकाचे बोट वेगळ्या चौकोनावर पडते. येणाऱ्या पाहुण्याची पहिली नजर दारावर जाते, तोरण तिथेच बांधतात, रांगोळी त्याच्याच पायाशी काढतात, तेव्हा एवढा खल होणे योग्यच आहे. पण डहाणूजवळच्या नरपडसारख्या समुद्रकाठच्या गावात हा निर्णय केवळ आवडीवर सोडता येत नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, वर्षभर अंगावर येणारा खारा वारा, चार महिने झोडपणारा पाऊस आणि उरलेले आठ महिने कडक ऊन. इथे रंग म्हणजे आधी दाराचे कातडे आणि मग त्याची शोभा. म्हणून माझे म्हणणे असे की, या किनाऱ्यावर दाराचा रंग ठरवताना पहिला कौल ऊन, पाऊस आणि मीठ यांचा घ्यावा. त्यातून जे रंग तरतील त्यांतून मग आपल्या मनाजोगता निवडावा.

याचा पुरावा कोणत्याही जुन्या दारावर सापडतो. दारावरची नावाची पाटी काढली की तिच्यामागे मूळ रंगाचा ताजा चौकोन दिसतो आणि भोवतीचा पल्ला किती उतरला हे कळते. उघड्या भागावर बोट फिरवले तर पिठासारखी भुकटी बोटाला लागते. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगातला चिकट घटक तुटला आणि रंगद्रव्याचे कण सुटे झाले, असा तिचा अर्थ. सगळी रंगद्रव्ये सारखी टिकाऊ नसतात. गेरू, पिवडी आणि बहुतेक तपकिरी छटा लोहाच्या संयुगांपासून होतात. लोहाचा हा गंज आधीच पुरता गंजलेला असतो, उन्हाला त्यात आणखी बिघडवण्यासारखे फारसे उरत नाही. उलट भडक लाल, गुलाबी आणि काही झगझगीत पिवळ्या छटांतली सेंद्रिय रंगद्रव्ये, विशेषतः स्वस्त रंगांत, लवकर विटतात. फिक्या छटेत तर असे द्रव्य मुळातच थोडे असते, त्यामुळे ती आणखी लवकर उडते.

दुसरा मुद्दा दाराच्या तोंडाचा. नरपड साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे सुमारे 46 अंशांवर असतो, म्हणून दक्षिणमुखी दार हिवाळ्यातच अधिक तापते. मे-जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असल्याने छज्ज्याची सावली दाराला पुरते. समुद्राकडे तोंड असलेल्या दाराला ही सवलत नाही. तिसऱ्या प्रहरानंतरचे कलते ऊन छज्ज्याखालून थेट पल्ल्यावर येते आणि पावसाळ्यात नैऋत्येचा वारा पाण्याचा मारा त्याच बाजूने करतो. काळा किंवा गडद करडा रंग उन्हाचा बहुतेक भाग शोषून घेतो. फळी तापून आकसते, पावसात फुगते, आणि या ओढाताणीत रंगाला आधी बारीक भेगा पडतात, मग पोपडे सुटतात. मग पांढरे दार बरे का? ऊन ते परतवते, पण हाताचे डाग, बुरशीचे काळे ठिपके आणि लोखंडी कडीपासून ओघळलेली तांबूस रेघ त्यावर उठून दिसते. म्हणून पश्चिमेच्या दाराला मध्यम छटा आणि पितळी कडी ही जोडी सर्वांत सोयीची.

या हिशेबात गेरूच्या कुळातले रंग पुढे येतात, आणि ते इथल्या मातीला परके नाहीत. डहाणू-तलासरीच्या वारली घरांत कुडाच्या भिंती शेणामातीने सारवून, गेरू लावून त्यावर तांदळाच्या पिठाने चित्रे काढण्याची रीत जुनी आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तांबड्यावर पांढरे लांबूनही स्पष्ट दिसते, हे त्या भिंतींवर केव्हाच सिद्ध झाले आहे. पांढऱ्या भिंतीत गेरूरंगी दार तसेच उठून दिसते, आणि त्यावरचे झेंडू व आंब्याच्या पानांचे तोरण खुलते. शिवाय गेरू दिसायला गडद असला तरी उन्हातले अवरक्त किरण काळ्या रंगापेक्षा बराच अधिक परतवतो.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला वास्तुशास्त्राचा: दिशेनुसार रंग ठरलेला आहे, मग निवड कसली? पण दिशा तर या हिशेबातही पाहिलीच आहे. लाल सांगितला असेल तर भडक लालाऐवजी गेरू घ्यावा, पिवळा असेल तर पिवडीची छटा. श्रद्धाही राहते आणि दारही. दुसरा आक्षेप असा की सागवानाला रंग कशाला, पारदर्शक वॉर्निश पुरे. सावलीतल्या दाराला हे लागू आहे. उघड्या दारावर मात्र पारदर्शक थरातून किरण आत जातात, लाकडाचा वरचा पापुद्रा करडा पडतो आणि वॉर्निशच त्याच्यासह सुटते. रंगातले द्रव्य हे किरण अडवते, म्हणून ते लाकडाचे छत्र ठरते. तिसरा आक्षेप: आताचे रंग सगळे सोसतात. ते पूर्वीपेक्षा चांगले आहेत हे खरे, पण मिठावर आणि ओल्या फळीवर बसलेला महागडा रंगही फुगे धरतोच.

म्हणून छटेइतकीच तयारी महत्त्वाची. आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन दार पुरते वाळू द्यावे. ऑक्टोबरच्या उन्हाचे दोन-तीन आठवडे तरी त्याला मिळावेत. मग अस्तर, लांबी आणि रंगाचे दोन हात. पल्ल्याची खालची कड रंगारी हमखास विसरतो आणि पाणी तिथूनच चढते. पल्ला उतरवून ती रंगवून घ्यावी. एक धोका मात्र कधीच नजरेआड करू नये. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल ऑइल पेंटमध्ये शिसे बरेच असू शकते. असे दार कोरडे घासले तर धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. पाणी लावून घासावे, मुलांना दूर ठेवावे, खरवड गोळा करून टाकावी.

शेड कार्डावरचा चौकोन यातले काहीच सांगत नाही, कारण त्याने एकही पावसाळा पाहिलेला नसतो. घाई नसेल तर दोन-तीन पसंतीच्या छटा एका फळीवर लावाव्यात, अर्धी फळी झाकावी आणि ती दाराशेजारी वर्षभर टांगावी. पुढच्या दिवाळीला झाकण काढले की जिथे दोन्ही बाजूंतला फरक सर्वांत कमी, तो तुमच्या दाराचा रंग.