‘ड्रॉ’चे वळण
यंत्रमागांच्या भिवंडीहून गाठता येण्याजोग्या गोल्फ मैदानांत १९२७ साली स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे चेंबूरचे मैदान आणि सिडकोचे खारघर येथील मैदान येते. तेथेही, सगळीकडे होते तसेच, नवख्याच्या हातातील ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब दांड्याची काठी, चेंडू बहुधा उजवीकडे भरकटवतो. याउलट उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू किंचित उजवीकडे निघून लक्ष्याकडे अलगद डावीकडे वळला, तर त्या फटक्याला ‘ड्रॉ’ म्हणतात.

मनगटे झटकून हे वळण आणू पाहणे फसवे असते. चेंडू कोठे निघेल हे मुख्यतः आघाताच्या क्षणी काठीच्या मुखाची दिशा ठरवते, वळण मात्र मुख आणि काठीचा मार्ग यांतील फरकातून येते: मार्ग लक्ष्याच्या चार अंश आणि मुख दोन अंश उजवीकडे असेल, तर मुख मार्गाच्या मानाने मिटलेले राहते आणि चेंडूच्या फिरकीचा अक्ष डावीकडे कलतो. हे गणित अर्थात मुखाच्या मध्यावर बसलेल्या फटक्याचे. टोकाकडे लागलेला चेंडू काठीचे डोके उलट फिरवतो आणि त्यातून आपोआप डावी फिरकी मिळवतो, तिला कौशल्य समजणे ही भूलच, म्हणून जाणते खेळाडू मुखावर पांढरी पावडर फवारून चेंडूचा गोल ठसा नेमका कोठे उमटला ते आधी पाहतात.